कुरडईचं ऊन

ऊन मोजता येतं यावर माझा आजही विश्वास आहे. ते मला मोजता येत नाही, एवढंच. ही गोष्ट माझ्या सासुरवाडीला, म्हणजे धनजला, पाटलापासून पोलीस जमादारापर्यंत सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. उलट मी स्वतः सांगितलेली बरी, कारण लोकांच्या सांगण्यात मी शेवटी उकिरड्यात पडतो. मी पडलो नव्हतो. मी बसलो होतो.

साल १९४०. मी मंगरूळपीरला कचेरीत आवक-जावक कारकून होतो. गावातले कापसाचे व्यापारी पन्नालालशेट यांच्या पुतण्यानं, इंदरचंदनं, मुंबईला शिकताना चावीवर चालणारा सिनेमाचा कॅमेरा घेतला, पडद्यावर दाखवायचं यंत्र घेतलं, आणि शिक्षण तेवढं घ्यायचं राहिलं. पुढे तो कलकत्त्याला आतेभावाच्या पेढीवर गेला आणि हे सगळं सामान काकांच्या गादीमागे पडून राहिलं. त्यात ऊन मोजायचं एक मीटरही होतं. तपकिरीच्या डबीएवढं, पुढे काच, वर काटा. उजेडाकडे धरलं की काटा हलून किती ऊन आहे ते सांगायचा, मग त्याप्रमाणे कॅमेऱ्याच्या भिंगाभोवतीची कडी फिरवायची.

पन्नालालशेटना ते घड्याळ वाटलं. सकाळपासून पाचावरच अडकलंय असं बघून त्यांनी ते उघडलं आणि आत दोन थेंब खोबरेल सोडलं. माणूस मुळात काळजीवाहू. तेव्हापासून त्या काट्याच्या मते भर दुपारी आणि बंद कपाटात सारखंच ऊन पडत होतं.

आता माझा यात संबंध काय, तर माझं तोंड. मी नागपूरला शिकत असताना एका मित्राचा डबा-कॅमेरा दोनदा हातात धरला होता. एकदा तर त्यानं तो परतही मागितला नव्हता. या अनुभवाच्या जोरावर मी एका जेवणानंतर सासऱ्यांसमोर म्हणून गेलो की हलतं चित्र काढणं म्हणजे काही फार अवघड नाही.

माझे सासरे उकंडराव हे वर्षाकाठी मोजकी वाक्यं बोलणारे गृहस्थ. माझ्या लग्नात ते दोन बोलले होते, त्यातलं एक मंडपवाल्याशी. त्यांची चांद्या आणि काजळ्याची जोडी, एक बैल पांढराशुभ्र आणि दुसरा काळा, अकरा वर्षं धनजच्या पोळ्यात तोरणाखाली पहिल्या मानानं उभी राहत आली होती. चांद्या आता म्हातारा झाला होता. गुडघे धरले होते, दात झिजले होते, पुढच्या वर्षी तो तोरणापर्यंत चालत जाईल असं कुणालाच वाटत नव्हतं. माझं बोलणं ऐकून सासऱ्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली.

"जावईबापू, हा माह्या चांद्याचा शेवटचा पोया हाय. त्याले त्या यंत्रात धरून ठेवाल काय?"

वर्षाची निम्मी वाक्यं माणूस एका दमात खर्च करतो तेव्हा नाही म्हणता येत नाही. मी हो म्हणालो. माझी बायको रुख्मिणी हिनं आतून माझ्याकडे असं पाहिलं की मला तेव्हाच शहाणपण यायला हवं होतं.

फिल्मची गुंडाळी एकच होती. लढाईमुळे दुसरी मिळण्याची आशा नव्हती. ती एकंदर चार मिनिटं चालणार, आणि धुण्यासाठी मुंबईला पाठवून महिन्यानं परत आल्याशिवाय आत चांद्या आहे की अंधार, हे ब्रह्मदेवालाही कळणार नव्हतं. ऊन चुकीचं मोजलं तर सगळं पांढरंफटक नाहीतर सगळं काळंकुट्ट.

फिल्मच्या डब्यात एक इंग्रजी कागद होता. त्यात उन्हाचे चार प्रकार आणि प्रत्येकापुढे एक आकडा दिला होता. कडक ऊन, धूसर ऊन, उजळ आभाळ, मळकट आभाळ. हे ज्या साहेबानं लिहिलं त्याच्या देशात ऊन पाहुण्यासारखं येत असणार. आमच्याकडचं ऊन घरच्यासारखं राहतं. आमच्या धूसर उन्हात त्या साहेबाला उभं केलं असतं तर त्यानं ते कडक म्हणून लिहून घेतलं असतं. तेव्हा इंग्रजी उन्हाचं वऱ्हाडी ऊन करायचं कसं, हा खरा प्रश्न होता.

त्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारचे निवृत्त हेडमास्तर इंद्रभानजी यांनी सुचवलं की आधी सूर्याचा उजेड किती मेणबत्त्यांएवढा ते ठरवावं. त्यांनी त्यांच्या ओसरीवर भर उन्हात एक मेणबत्ती लावून दाखवली. ती वितळून आडवी झाली. पन्नालालशेटनी सांगितलं की ते तीस वर्षं कापसाची पांढराई नुसत्या डोळ्यांनी पारखतात, तेव्हा ऊन पारखायला ते स्वतःच बरोबर येतील. आकड्यांची एक गोम मात्र त्यांना शेवटपर्यंत पटली नाही. कडीवरचा आकडा जेवढा मोठा तेवढं भिंगातलं भोक बारीक. सोळावर ते सुईच्या नेढ्यासारखं, चारावर डोळ्याएवढं. शेट म्हणाले, ज्यानं हे यंत्र केलं त्याला व्यापार करता आला नसता.

पोळ्याला आठ दिवस राहिले असताना धनजच्या बीटाचे जमादार दौलतसिंग मला मंगरूळला येऊन भेटले. लढाईचे दिवस आहेत, शंभर माणसांच्या जमावावर नळी असलेलं यंत्र रोखायचं तर लेखी परवानगी लागेल, असं त्यांचं म्हणणं. अर्ज कचेरीत करायचा. अर्ज मी लिहिला आणि दिला. आमच्या कचेरीत आलेला प्रत्येक अर्ज आवक कारकुनाच्या टेबलावर येतो, म्हणजे माझ्या. मी तो उघडून पाहिला. दुसरी प्रत जोडली नव्हती आणि कारणाच्या रकान्यात नुसतं 'बैल' लिहिलं होतं. लोक असले अर्ज करतात आणि मग कचेरीला नावं ठेवतात. मी तो त्रुटी दाखवून परत केला. दुपारी घरी जाऊन मी तो परत मिळाल्याबद्दल रागावलो, संध्याकाळी दुसरी प्रत काढली, सकाळी पुन्हा दिला. तिसऱ्या खेपेला मंजूर झाला. नियमाबाहेर मी कुणासाठी जात नाही, ही गोष्ट मात्र कुणी लक्षात ठेवली नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पन्नालालशेट, यंत्र आणि मी धनजला पोचलो. रुख्मिणी आधीच तिथे गेली होती. अंगणात सासूबाई होत्या. प्रयागबाई म्हणजे उंच, सडपातळ, ताठ बाई, आणि सासरे जेवढं बोलत नाहीत तेवढं सगळं त्या बोलून टाकतात. चांद्याला त्यांनी वासरू असताना हातानं पेज पाजून वाढवलेलं. मी आणि शेट कागद पसरून उन्हाच्या जाती ठरवत बसलो होतो. तासभर ऐकून घेतल्यावर त्यांनी कशाची एवढी पंचाईत ते विचारलं. मी, मामी, हे शास्त्र आहे, असं म्हणून थोडक्यात सांगितलं.

त्यांनी उभ्याउभ्याच हात पुढे केला, तळवा जमिनीकडे, बोटं फाकवून, आणि मातीवरची सावली पाहिली.

"बोटाची सावली चाकूवानी कापली तं ते कुरडईचं ऊन. कडा जराशी मऊ झाली तं पापडाचं. बोटं बोटात मिसयली तं शेवयाचं, अन् सावलीच नाई तं मंग नुसते कपडे वाळू घाला. आता पापडाचं हाय."

शेट हसले. जावई म्हणून मीही हसलो, पण मोठ्यांदा. मी म्हणालो की मामी, हे वाळवण नाही.  त्या हात पदराला पुसून आत गेल्या, आणि त्या दिवशी माझ्या पानात पापड नव्हता.

पोळ्याच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. बैल धुऊन, शिंगं रंगवून, अंगावर झुली टाकून रांगेत उभे. मधोमध पहिल्या मानावर चांद्या आणि काजळ्या. पाऊस उघडून आभाळ असं स्वच्छ झालं होतं की ऊन डोळ्यांत घुसत होतं. बायका या वेळी घरी ओवाळायची तयारी करून दारात थांबतात, आखरावर येत नाहीत. सगळे पुरुष माझ्याकडे बघत होते. उकंडराव कासरा धरून माझ्याकडे बघत होते.

कडी मी आधी अकरावर ठेवली होती, हे मी शपथेवर सांगतो. तेवढ्यात पन्नालालशेट माझ्या कानाशी आले.

"जानरावजी, ऊन फार जादा हाय. नंबर कमी करा."

मला ठाऊक होतं. आकडा कमी केला की भोक मोठं होतं, उजेड वाढतो. तीन आठवडे मीच त्यांना हे समजावत होतो. पण शंभर माणसं बघत असताना, वाजंत्री चालू असताना, कमी करा असं एका भारदस्त माणसानं घाईनं सांगितलं की हात आपला कमी करतो. मी कडी चारावर नेली. शेटना समाधान वाटलं. मलाही वाटलं.

मग मी चावी दिली, डोळा लावला, आणि कॅमेरा घरघरायला लागला. ती घरघर ऐकताच अख्खा आखर गप्प झाला. वाजंत्रीवाल्यांनी काठ्या वरच्यावर धरल्या. झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हणणारा माणूस तोंड उघडं ठेवून थांबला. धनजच्या लोकांना फोटो माहीत होता. यंत्र समोर आलं की श्वास रोखून उभं राहायचं, हलायचं नाही, नाहीतर चेहरा पुसला जातो. तसे ते सगळे उभे राहिले, आणि तीन मिनिटं उभेच राहिले. मी हात हलवून चला, हला, असं सांगत होतो. त्यांना वाटलं मी आणखी नीट उभं राहा म्हणतोय. दौलतसिंग जमादार सलाम ठोकून उभे होते ते त्यांनी शेवटपर्यंत हात खाली घेतला नाही. एकट्या काजळ्यानं शेपटी हलवली तर सासऱ्यांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं.

चावी संपली की पुन्हा देत, डोळा न काढता, सगळी रांग मावावी म्हणून मी एकेक पाऊल मागे सरत होतो. उकिरडा तिथे गेल्या पावसाळ्यापासून होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याच्यावर बसलो. कॅमेरा वर धरून बसलो, यंत्राला धक्का लागू दिला नाही. सगळा गाव अजून फोटोसाठी उभा असल्यामुळे कुणी हसलंही नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

तोरण तुटलं, बैल घरोघर निघाले. मी धोतर झाडत झाडत सासुरवाडीच्या वाटेला लागलो आणि वाटेत सहज भिंगात डोकावलो. भोक चांगलं डोळ्याएवढं उघडं होतं.  त्या उन्हात चारावर काढलेलं सगळं पांढरंफटक होणार होतं. कॅमेऱ्यावरच्या फिल्म मोजायच्या काट्यावर पाहिलं, फिल्म उरली होती जेमतेम वीस सेकंदांची. समोरून सासरे चांद्याला घेऊन हळूहळू येत होते. चांद्या तीन पावलांनी थांबत होता आणि ते त्याच्याबरोबर थांबत होते. त्यांनी मला विचारलं, चांद्या आला ना आत. मी आला म्हणालो. आयुष्यात मी खोटं फारसं बोललो नाही, पण हे बोललो, आणि मला स्वतःची शिसारी आली.

सासूबाई दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. माझा चेहरा पाहून त्यांनी ताट खाली ठेवलं आणि बाजूला येऊन काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. वाळवणाला हसलो होतो तेही सांगितलं. त्यांनी भिंगात पाहिलं.

"येवढ्या उन्हात डोया येवढा उघडा ठेवला काहून? आपन तं उन्हात डोये बारके करतो."

साहेबाच्या कागदावर हे एवढं एक वाक्य असतं तर माझं धोतर स्वच्छ राहिलं असतं. मी विचारलं, मामी, आता कोणतं ऊन आहे? मग आम्ही दोघांनी अर्ध्या मिनिटात ते ठरवलं जे शेटना, मास्तरांना आणि मला तीन आठवडे जमलं नव्हतं. कुरडईला अकरा, पापडाला आठ, शेवयाला साडेपाच, नुसत्या कपड्यांना चार. पश्चिमेकडून एक ढग येत होता. ऊन मध्येच बदलणार होतं आणि वीस सेकंदांत चुकायला जागा नव्हती. मी म्हणालो की तुम्ही माझ्यामागे उभं राहून सांगत राहा.

त्यांनी एकदा ताटाकडे पाहिलं. पंधरा वर्षं त्या चांद्याला ओवाळत आल्या होत्या, आणि ही शेवटची वेळ होती. त्यांनी ताट उचलून रुख्मिणीच्या हातात दिलं आणि माझ्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. शेजारच्या कमलीबाईनं लगेच कुजबुज सुरू केली की घरची बाई असताना पोरगी ओवाळते, हे कुठलं.

चांद्या दारासमोर आडवा उभा राहिला. सूर्य आमच्या पाठीशी खाली आला होता. पन्नालालशेट काळ्या बैलासाठी आकडा वेगळा लागेल असं सांगू लागले, तेव्हा सासूबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या की बैल दोन असले तरी ऊन एकच आहे.  मी चावी दिली. या वेळी मी सगळ्यांना ओरडून सांगितलं की हला, काय करायचं ते करा. रुख्मिणीनं पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास दिला. माझ्या कानामागून अगदी शांत आवाज येत होता.

"कुरडई. कुरडई. कुरडईच हाय. आता पापड. पापड."

मी कडी अकरावरून आठावर नेली. घरघर थांबली. फिल्म संपली होती.

पार्सल करायला मी रेल्वे स्टेशनावर गेलो, तर पार्सलबाबूनं फिल्म हा जळणारा माल आहे, दारूगोळ्याच्या यादीत येतो, असं सांगितलं. मी डब्यावरचं 'सुरक्षित' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द दाखवला. तो म्हणाला, सुरक्षित मालावर कोण सुरक्षित लिहितं? तांदळाच्या पोत्यावर पाहिलंय का कधी? कारकुनानं कारकुनाशी वाद घालू नये. मी तीन फॉर्म भरून दिले आणि महिनाभर रोज पोस्टात जाऊन आलो. त्या महिन्यात सासऱ्यांचे दोन निरोप आले. दोन्हींत एकच विचारणा होती, चांद्या आला काय.

फिल्म आली. धनजला वीज नव्हती, म्हणून पन्नालालशेटच्या मंगरूळच्या, कापसाची सरकी काढायच्या जिनात, इंजिनावरच्या डायनॅमोच्या विजेवर दाखवायचं ठरलं. दिवेलागणीला बैलांची दमणी जोडून सासुरवाडीची मंडळी आली. जमादार दौलतसिंग आपला सलाम बघायला आले. इंद्रभानजी पहिल्या ओळीत. पांढरं धोतर ताणून बांधलं आणि यंत्र सुरू झालं.

पहिली साडेतीन मिनिटं धोतर होतं तसंच दिसलं. पांढरं. मधूनमधून एखादा करडा डाग यायचा आणि जायचा. जमादारांनी एका डागाला आपला हात म्हणून ओळखलं आणि तेवढ्यावर समाधान मानलं. मागून कुणीतरी विचारलं, हा जिनातला कापूस हाय काय. मी मान खाली घालून बसलो होतो. सासऱ्यांकडे बघायची हिंमत नव्हती.

मग एकदम कुणीतरी श्वास घेतल्याचा आवाज आला आणि मी वर पाहिलं.

चांद्या उभा होता. पाठीवरची झूल, शिंगांचा रंग, कपाळावरचं कुंकू, नाकपुड्यांवरचा ओलावा, सगळं स्पष्ट. काजळ्याच्या काळ्या अंगावरचे केसही दिसत होते. चांद्यानं कान हलवला, पोळीचा घास घेतला आणि चघळू लागला. कडेला एका टोपीची सावली होती, ती माझी. आणि चांद्याच्या पांढऱ्या कुशीवर एक मोठा, बोटं फाकवलेला हात ठेवलेला होता. सावलीचा. रुख्मिणी ओवाळत होती तेव्हा तो तिथे होता, ढग आला तेव्हा तो किंचित मऊ झाला, आणि शेवटच्या क्षणापर्यंत हलला नाही. सावली नीट वाचता यावी म्हणून सासूबाईंनी ती चांद्याच्या पांढऱ्या अंगावरच धरली होती. माझ्या ते तेव्हा ध्यानातही आलं नव्हतं.

धोतर पुन्हा पांढरं झालं.  उकंडराव उठून उभे राहिले होते. ते बायकांच्या बाजूला वळले.

"तुनं चांद्याले ओवायलं नाई म्हनून गाव बोलून राह्यलं. मंग त्याच्यावर हा हात कोनाचा हाय?"

सासूबाईंनी त्या रिकाम्या धोतराकडे पाहिलं. 

"मी तं ऊन पाहून राह्यली होती," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

कमलीबाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सासरे खाली बसले आणि शेटना म्हणाले, पुन्हा लावा. शेटना फिल्म मधूनच सुरू करता येत नव्हती, त्यामुळे दर खेपेला आधी साडेतीन मिनिटं पांढरं धोतर बघावं लागत होतं. आम्ही ती फिल्म पाच वेळा पाहिली. त्या पांढऱ्याच्या वेळी कुणी उठलं नाही, आणि पाचव्या खेपेला सासूबाईंनी माझ्या हातात घरून आणलेला एक भाजलेला पापड ठेवला.